उत्तर आले नाही, हीही नोंद : शेल स्क्रिप्टमधील कालमर्यादा

नदीकाठचे उदाहरण

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून वाहत गुजरातमध्ये शिरते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवून सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. वाटेत भुसावळजवळ हतनूर धरण आहे, नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज आहेत, आणि सुरतेच्या वरच्या अंगाला सुमारे १०० किलोमीटरवर १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेला विसर्ग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत गेला आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांना नदीचे आकडे दुहेरी कारणाने लागतात : गावाकडे पाणी किती चढले आणि तेच पाणी इकडे कधी पोहोचणार.

या लेखासाठी एक छोटी स्क्रिप्ट कल्पिली आहे. सुरतेतल्या एका संगणकावर ती दर १५ मिनिटांनी चालते, नदीवरच्या पाच ठिकाणांच्या पातळ्या नेटवर्कवरून मागवते, तक्त्यात लिहिते आणि ठरलेली पातळी ओलांडली की सूचना पाठवते. काम सोपे आहे. अडचण येते ती पाचांपैकी एक ठिकाण गप्प बसते तेव्हा, आणि असे नेमके भर पावसाळ्यात होते. वीज जाते, मोबाइलचे टॉवर बंद पडतात, एरवी ज्या सर्व्हरकडे कोणी फिरकत नाही त्याच्यावर एकाच वेळी असंख्य लोकांच्या विचारणा आदळतात. आठ महिने बिनबोभाट चालणाऱ्या स्क्रिप्टची खरी परीक्षा उरलेल्या चार महिन्यांत होते.

शेल आणि स्क्रिप्ट

शेल म्हणजे वापरकर्त्याच्या आज्ञा घेऊन त्या संगणकाच्या कार्यप्रणालीकडून करवून घेणारा प्रोग्रॅम. स्टीफन बॉर्न यांचे शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आले. आज लिनक्सवर सर्वत्र आढळणारे बॅश हे त्याच घराण्यातले असून ब्रायन फॉक्स यांनी ते १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवलेली फाइल म्हणजे स्क्रिप्ट. एक आज्ञा संपल्याशिवाय शेल पुढच्या आज्ञेकडे वळत नाही, हा त्याचा स्वभाव आहे. वाचायला आणि लिहायला तो फार सोयीचा. मात्र मधली एखादी आज्ञा नेटवर्कवर अडकून पडली की तिच्या मागची सगळी रांग अडकते, आणि पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही.

नकार, मौन आणि संथपणा

दोन संगणकांमधली टीसीपी जोडणी तीन पावलांत होते. मागणारा एक पॅकेट पाठवून जोडणीची विनंती करतो, समोरचा ती स्वीकारल्याचे कळवतो, मागणारा पोच देतो. यात बिघाड तीन प्रकारे होतो आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा असतो.

लिंबायतमधून भुसावळला भावाला फोन लावला, तर तो लगेच कट होऊ शकतो, वाजत राहू शकतो, किंवा उचलला जाऊन पलीकडून शब्दच येत नाही असे होऊ शकते. नेटवर्कवरही तसेच घडते. पहिला प्रकार नकाराचा : समोरचा संगणक चालू आहे, पण हवी ती सेवा बंद आहे, आणि तसे तो क्षणार्धात कळवतो. दुसरा मौनाचा : विनंतीचे पॅकेट वाटेत हरवले, फायरवॉलने गिळले किंवा पलीकडे वीजच नाही. तिसरा संथपणाचा : जोडणी झाली, पण माहिती येतच नाही किंवा थेंबाथेंबाने येते. नकार तत्काळ मिळत असल्याने तो सर्वांत कमी त्रासाचा. कालमर्यादा, म्हणजेच टाइमआउट, लागते ती मौन आणि संथपणा या दोघांसाठी.

मौनाचा एक गुण मूलभूत आहे. पलीकडचा संगणक बंद आहे, की चालू आहे पण वाट तुटली आहे, की वाट धड आहे पण उत्तराला उशीर होतो आहे, हे अलीकडून ओळखता येत नाही. तिन्ही स्थिती सारख्याच दिसतात. म्हणून किती वेळ थांबायचे याचे बरोबर उत्तर नेटवर्ककडे नसते. ते ज्या कामासाठी माहिती हवी आहे त्या कामाकडे असते. हतनूरच्या आकड्याची वाट दोन मिनिटे पाहणे परवडते, कारण पाण्याला सुरतेपर्यंत यायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. पण पाच ठिकाणांचा एकत्रित तक्ता १५ मिनिटांत पूर्ण व्हायचा असेल, तर एका ठिकाणावर दहा मिनिटे घालवणे परवडत नाही.

आधीपासून ठरलेल्या मुदती

स्क्रिप्टमध्ये मुदत लिहिली नाही म्हणजे मुदत नाही, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात प्रत्येक थराची स्वतःची मुदत असते. ती कोणी दुसऱ्याने, दुसऱ्याच कामासाठी ठरवलेली असते, एवढेच.

लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, जोडणीची पहिली विनंती पाठवली आणि पोच आली नाही, तर तो १ सेकंदाने ती पुन्हा पाठवतो. मग थांबण्याचा काळ दर वेळी दुप्पट होतो. पारंपरिक रचनेत फेरविनंत्या सहा असतात : पहिल्या पॅकेटपासून मोजता १, ३, ७, १५, ३१ आणि ६३ व्या सेकंदाला. शेवटच्या विनंतीनंतर ६४ सेकंद वाट पाहून १२७ व्या सेकंदाला कर्नल हार मानतो. नव्या कर्नलमध्ये सुरुवातीच्या फेरविनंत्यांचे अंतर बदलले आहे, तरी एकूण काळ दोन मिनिटांच्या आसपासच राहतो. एकाच गप्प ठिकाणासाठी दोन मिनिटे सोसवतात. पाचही ठिकाणे गप्प असली, म्हणजे सुरतेकडचीच लाइन तुटली असली, तर एकेका ठिकाणाला एकदाच विचारूनही ६३५ सेकंद, म्हणजे १० मिनिटे ३५ सेकंद जातात.

जोडणी झाल्यानंतरच्या मुदती याहून लांब असतात. पाठवलेल्या माहितीची पोच आली नाही तर लिनक्स पंधरा वेळा पुन्हा पाठवतो आणि त्यात सुमारे १५ मिनिटे घालवतो. पाठवायचे काहीच नसेल, नुसती वाट पाहणे चालू असेल, तर समोरचा जिवंत आहे का याची चौकशी मूळ मांडणीत २ तासांनी सुरू होते, आणि तीही प्रोग्रॅमने तशी सोय मागितली असेल तरच. डब्ल्यूगेट या साधनाची वाचनाची मूळ मुदत ९०० सेकंद आहे आणि प्रयत्नांची मूळ संख्या २०. जोडणी होऊन पलीकडचा दर वेळी गप्प राहिला तर निव्वळ थांबण्यातच ५ तास जातात. एवढ्यात नदी कुठल्या कुठे गेलेली असते.

हे आकडे चुकीचे मुळीच नाहीत. टीसीपीची मूळ मांडणी १९८१ सालची आहे, आणि मधला दुवा काही मिनिटे तुटला तरी जोडणी टिकून राहावी, हा तिच्या रचनेचा हेतू आहे. माणूस समोर बसून मोठी फाइल उतरवत असेल तेव्हा हा चिवटपणा हवाच असतो. रात्री दोन वाजता कोणी पाहत नसताना चालणाऱ्या स्क्रिप्टला तो परवडत नाही.

नावाचा शोध

जोडणीच्याही आधी सर्व्हरच्या नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर व्हावे लागते. हे काम डीएनएसचे. लिनक्सवर सर्वसाधारणपणे एका नामसर्व्हरची ५ सेकंद वाट पाहिली जाते आणि दोन फेऱ्या होतात. नामसर्व्हर दोन असले आणि दोन्ही गप्प असले, तर २० सेकंद जोडणीचे पहिले पॅकेट निघण्याआधीच खर्च होतात. मुदत मोजताना हा काळ विसरला जातो. सर्व्हर धडधाकट असताना स्क्रिप्ट संथ झाली, तर पहिला संशय इथेच घ्यावा असा अनुभव आहे.

कर्लच्या दोन मुदती

वेबवरून माहिती आणण्यासाठी शेलमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे साधन कर्ल. डॅनियल स्टेनबर्ग यांनी ते १९९८ मध्ये या नावाने प्रसिद्ध केले. त्यात दोन मुदती वेगवेगळ्या देता येतात. ‘कनेक्ट-टाइमआउट’ हा पर्याय नावाचा शोध, टीसीपीची तीन पावले आणि सुरक्षित जोडणीची बोलणी इतक्याच टप्प्याला लागू होतो. ‘मॅक्स-टाइम’ हा पर्याय सुरुवातीपासून शेवटचे अक्षर हाती येईपर्यंतच्या संपूर्ण व्यवहाराला लागू होतो. पहिली न दिल्यास कर्लची स्वतःची मुदत ३०० सेकंद असते. दुसरी न दिल्यास मर्यादाच नसते.

दोन्ही देणे आवश्यक आहे, कारण पहिली मौनावर उपाय करते आणि दुसरी संथपणावर. फक्त पहिली दिली, तर जोडणी झाल्यावर गप्प बसलेला सर्व्हर स्क्रिप्टला कितीही वेळ धरून ठेवू शकतो. फक्त दुसरी दिली, तर मेलेल्या पत्त्यासाठीही पूर्ण मुदत खर्च होते.

जोडणीच्या मुदतीचा आकडा निवडताना कर्नलचे वेळापत्रक उपयोगी पडते. सर्व्हर मुंबईत आहे असे धरले, तर सुरत ते मुंबई हे अंतर तीनशे किलोमीटरांच्या आत आहे, काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे निव्वळ अंतरामुळे होणारा विलंब मोजक्या मिलिसेकंदांचा. सेकंदांत मोजावा लागणारा विलंब होतो तो पॅकेट हरवल्यामुळे किंवा रांगेत अडकल्यामुळे. पारंपरिक रचनेत हरवलेले पॅकेट १, ३ आणि ७ व्या सेकंदाला पुन्हा जाते. म्हणून ३ सेकंदांची मुदत वाया जाते : दुसरी फेरविनंती निघते त्याच क्षणी दार बंद होते. ४ सेकंद ठेवल्यास दोन फेरविनंत्यांना उत्तर येण्याची संधी मिळते, ८ ठेवल्यास तिन्हींना. नावाच्या शोधाला थोडी जागा धरून ८ ते १० सेकंद हा आकडा मोबाइल जोडणीवरच्या दूरच्या स्थानकांसाठी रास्त वाटतो.

मोठ्या फाइलला मात्र ‘मॅक्स-टाइम’ अन्याय करतो. ढगांचे मोठे छायाचित्र संथ लाइनवर नीट उतरत असताना, नव्वद टक्के आल्यावर मुदत संपली म्हणून तोडणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी किमान वेगाची अट घालावी. ‘स्पीड-लिमिट’ आणि ‘स्पीड-टाइम’ या जोडीने सांगता येते की सलग ३० सेकंद वेग सेकंदाला १००० बाइटच्या खाली राहिला तरच थांबावे.

बाहेरून लावलेली मुदत

सर्वच साधनांना स्वतःची मुदत नसते. त्यांच्यासाठी ‘टाइमआउट’ नावाचीच एक आज्ञा आहे. तिला सेकंदांचा आकडा आणि चालवायची आज्ञा दिली की ती आज्ञा सुरू होते, आणि वेळ संपल्यावर तिला थांबण्याचा संकेत पाठवला जातो. हा संकेत, म्हणजे टर्म, विनंतीवजा असतो. अडकलेला प्रोग्रॅम त्याच्याकडे दुर्लक्ष करू शकतो. म्हणून ‘किल-आफ्टर’ पर्यायाने आणखी काही सेकंदांची सवड देऊन नंतर किल हा न टाळता येणारा संकेत पाठवण्याची सोय आहे.

या आज्ञेच्या दोन मर्यादा आहेत. ती स्वतंत्र प्रोग्रॅम असल्यामुळे स्क्रिप्टमध्येच लिहिलेले शेल-फंक्शन तिला थेट चालवता येत नाही. त्यासाठी ते फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे लागते, किंवा निर्यात करून नवे बॅश उघडावे लागते. दुसरी मर्यादा अशी की आत काय चालले होते हे तिला ठाऊक नसते. जोडणी झाली नव्हती की माहिती अर्धी आली होती, हा भेद बाहेरून कळत नाही. म्हणून साधनाची स्वतःची मुदत आधी वापरावी आणि ही आज्ञा शेवटचे कुंपण म्हणून त्याबाहेर, थोड्या मोठ्या आकड्याने लावावी.

बॅशमध्ये ‘डेव्ह-टीसीपी’ या खास मार्गाने कोणत्याही पोर्टशी थेट जोडणी करता येते. ही सोय देखणी आहे, पण तिला मुदत नाही. कर्नलची दोन मिनिटे तिला जशीच्या तशी लागू पडतात. तिथे ‘टाइमआउट’चे कुंपण अपरिहार्य ठरते. नेटकॅट या साधनाला मात्र ‘डब्ल्यू’ हा पर्याय देऊन मुदत लावता येते.

दूरच्या संगणकावर आज्ञा चालवणाऱ्या एसएसएचला ‘कनेक्ट-टाइमआउट’ देता येतो आणि जोडणीनंतर ठरावीक सेकंदांनी समोरच्याची चौकशी करण्याचा आदेशही देता येतो. दर १० सेकंदांनी चौकशी ठेवली, तर तीन अनुत्तरित चौकशांनंतर, म्हणजे सुमारे अर्ध्या मिनिटात, तुटलेली जोडणी सोडली जाते. त्याखेरीज ‘बॅच-मोड’ चालू ठेवावा. एरवी किल्ली नाकारली गेली तर एसएसएच पासवर्ड विचारत बसू शकते आणि सांगणारा माणूस तिथे नसतो. हे अडकणे नेटवर्कचे नसले तरी बाहेरून अगदी तसेच दिसते.

एक्झिट कोड : आज्ञेने दिलेले कारण

प्रत्येक आज्ञा संपताना ० ते २५५ मधला एक आकडा मागे ठेवते. ० म्हणजे काम झाले. कर्लमध्ये ६ म्हणजे नाव सापडले नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही, २८ म्हणजे मुदत संपली. सर्व्हरने चूक कळवणारे उत्तर दिल्यास, म्हणजे ४०४ किंवा ५०० यांसारखे, कर्ल सहसा ० च देते, कारण त्याच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झालेला असतो. ‘फेल’ पर्याय लावल्यावर तिथे २२ मिळतो. ‘टाइमआउट’ आज्ञा मुदत संपल्यास १२४ देते, किल संकेत वापरावा लागल्यास १३७. एसएसएच स्वतःच्या बिघाडासाठी २५५ राखून ठेवते.

हे आकडे मोलाचे आहेत आणि शेलमध्ये ते फार सहज हरवतात. कर्लचे उत्तर पाइपने दुसऱ्या आज्ञेकडे पाठवले, तर उरतो तो शेवटच्या आज्ञेचा कोड. पहिलीचा २८ पुसला जातो. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ चालू केल्यास तो वर येतो. दुसरी जागा अधिक फसवी आहे. फंक्शनमध्ये ‘लोकल’ लिहून त्याच ओळीत चलाला आज्ञेचे उत्तर दिले, तर मिळणारा कोड ‘लोकल’चा असतो, आणि तो नेहमी ० असतो. चल आधी जाहीर करावे, उत्तर पुढच्या ओळीत द्यावे. एका ओळीच्या दोन ओळी केल्या की पूर्ण चित्र बदलते.

रिकाम्या उत्तराचे शून्य

आता कल्पित स्क्रिप्ट जवळून पाहू. चौथ्या स्थानकाकडे विचारणा गेली, १० सेकंद झाले, कर्ल २८ देऊन थांबले. मुदत बरोबर लावली होती, तिने आपले काम केले. पण पुढच्या ओळीने कोड तपासलाच नाही. पातळीच्या चलात आता काहीही नाही, एक रिकामा मजकूर आहे. तिसऱ्या ओळीत तुलना आहे : पातळी धोक्याच्या आकड्याहून मोठी आहे का?

बॅशमध्ये ही तुलना दुहेरी चौकोनी कंसात लिहिली असेल, तर रिकामा मजकूर अंक म्हणून वाचला जातो आणि त्याची किंमत शून्य धरली जाते. चूक दाखवली जात नाही. शून्य हे धोक्याच्या आकड्याहून लहान, म्हणून सूचना जात नाही. तक्त्यात स्थानक सुरक्षित दिसते. ज्या पुरामुळे स्थानकाची वीज गेली, त्याच पुरामुळे नदी कोरडी असल्याची नोंद होते. एकेरी चौकोनी कंसात तीच तुलना निदान ‘पूर्णांक अपेक्षित होता’ अशी तक्रार करते, पण अटीचा निकाल तरीही ‘नाही’ असाच लागतो आणि तक्रार कोणी न वाचलेल्या लॉगमध्ये पडून राहते.

उपाय तीन ओळींचा आहे. प्रथम कोड पाहावा. तो ० असेल तरच उत्तर वाचावे. उत्तरात केवळ अंक आहेत याची खात्री करावी आणि मगच तुलना करावी. बॅशला दशांश चालत नाहीत, म्हणून पातळी सेंटिमीटरमध्ये पूर्णांक करून घ्यावी. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट सांगितली जाते. मीटरमध्ये ती १०५.१६ भरते, आणि हा दशांश बिंदूच तुलना मोडायला पुरेसा आहे.

पण उत्तर नसेल तेव्हा तक्त्यात लिहायचे काय? शून्य नक्कीच नाही. मागचा आकडा पुन्हा लिहिणेही धोक्याचे, कारण तासाभरापूर्वीची पातळी आत्ताची म्हणून वाचली जाते, आणि नदी स्थिर असल्याचा भास होतो. नोंद अशी हवी :

वेळ ०२:१५ | स्थानक ४ | कोड २८ | थांबलेला काळ १० सेकंद | पातळी : अज्ञात | शेवटची ज्ञात नोंद ०१:००

या ओळीत सहा गोष्टी स्वतंत्रपणे कळतात, आणि ‘अज्ञात’ हा शब्द पुढच्या हिशेबात कोणत्याही अंकात मिसळत नाही. सलग तीन फेऱ्या ‘अज्ञात’ आल्यास ती स्वतंत्र सूचना ठरावी. वरच्या अंगाची दोन शेजारची स्थानके एकाच वेळी गप्प झाली, तर ती बातमी एखाद्या चढत्या आकड्याइतकीच महत्त्वाची असते.

पुन्हा विचारणे

मौन तात्पुरते असू शकते, म्हणून पुन्हा विचारणे योग्यच. प्रश्न असतो तो कधी आणि किती वेळा. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील दुव्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर घसरला. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून जेमतेम ४०० यार्डांवर होती. रांग लांबली म्हणून संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवत होते आणि पुन्हा पाठवल्यामुळे रांग आणखी लांबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात याचे विश्लेषण करून टीसीपीला मागे सरायला शिकवले. पूरकाळात एखाद्या सर्व्हरवर गर्दी झाली असताना प्रत्येक स्क्रिप्ट लागोपाठ विचारत राहिली, तर तीच घटना लहान प्रमाणावर घडते.

म्हणून दर प्रयत्नानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करावा : २ सेकंद, ४, ८. त्यात थोडा यादृच्छिक काळ मिसळावा. बॅशचे ‘रँडम’ हे चल ० ते ३२७६७ मधला आकडा देते, त्यावरून एक-दोन सेकंदांचा फरक पाडणे सोपे आहे. हा फरक लहान दिसला तरी गरजेचा आहे. ठरलेल्या वेळी आज्ञा सुरू करणाऱ्या क्रॉनने चालणाऱ्या स्क्रिप्ट सर्वत्र मिनिटाच्या पहिल्याच सेकंदाला सुरू होतात, त्यामुळे सगळ्यांचे प्रयत्न आणि फेरप्रयत्न एकाच क्षणी येऊन आदळतात. कर्लचा ‘रीट्राय’ पर्याय दुप्पट काळाची शिस्त स्वतः पाळतो : पहिल्यांदा १ सेकंद, मग २, ४ असे. त्यात लक्षात ठेवायची गोष्ट एवढी की ‘मॅक्स-टाइम’ प्रत्येक प्रयत्नाला वेगळा लागू होतो. सगळ्या प्रयत्नांच्या एकूण काळाला ‘रीट्राय-मॅक्स-टाइम’ने वेगळी मर्यादा घालावी लागते.

प्रत्येक बिघाडाला फेरप्रयत्न लागू पडत नाही. मुदत संपणे, ५०३ असे उत्तर येणे, ही तात्पुरती लक्षणे. ४०४ हे पत्ताच चुकल्याचे लक्षण, तिथे शंभर वेळा विचारूनही उत्तर बदलणार नाही.

दोनदा झालेले काम

पातळी विचारणे निर्धोक आहे, दहा वेळा विचारले तरी नदीला फरक पडत नाही. काही व्यवहार तसे नसतात. सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारातील एखादी पेढी दिवसाची बिले स्क्रिप्टने दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरला पाठवत असेल, तर मुदत संपली याचा अर्थ बिल पोहोचले नाही असा होत नाही. बिल पोहोचून नोंदले गेले आणि केवळ पोच वाटेत हरवली, असेही घडते. तेच बिल पुन्हा पाठवले की खात्यात माल दोनदा विकला जातो. यावरचा उपाय पाठवणाऱ्याच्या घड्याळात नसतो, तो बिलाच्या रचनेत असतो : प्रत्येक बिलाला पाठवण्याआधीच एकमेव क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास सर्व्हरने नवी नोंद न करता आधीचीच पोच परत द्यावी. ही तजवीज नसेल तर फेरप्रयत्नाऐवजी आधी ‘हे बिल पोहोचले का’ अशी विचारणा करावी.

एकूण वेळेचा हिशेब

सुट्या मुदती बरोबर असूनही त्यांची बेरीज चुकू शकते. एका स्थानकाला २० सेकंदांची एकूण मुदत, तीन प्रयत्न आणि मधे २ व ४ सेकंदांची विश्रांती धरली, तर सर्वांत वाईट स्थितीत ६६ सेकंद लागतात. पाच स्थानकांचे ३३० सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटे. १५ मिनिटांच्या फेरीत हे बसते. स्थानके पंधरा झाली तर ९९० सेकंद होतात आणि फेरी संपण्याआधी पुढची सुरू होते. तेव्हा विचारणा एकामागून एक न करता पार्श्वभूमीवर एकदम सोडाव्यात आणि शेवटी ‘वेट’ आज्ञेने प्रत्येकीचा कोड वेगळा गोळा करावा. एकूण काळ पुन्हा ६६ सेकंदांच्या आसपास येतो, स्थानके कितीही असली तरी.

फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून ‘एफलॉक’ ही आज्ञा आहे. पहिली फेरी कुलूप धरून ठेवते, आणि ‘नॉनब्लॉक’ पर्याय दिला असेल, तर दुसरीला ते मिळाले नाही की ती लगेच बाजूला होते. आणि तक्ता थेट मूळ फाइलमध्ये लिहू नये. तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहून मग तिचे नाव बदलावे. नावबदल एकाच फाइलप्रणालीत अखंड होतो, म्हणून वाचणाऱ्याला अर्धवट तक्ता कधीच दिसत नाही.

चाचणी

मौन प्रयोगशाळेत निर्माण करणे सोपे आहे आणि तरी ते क्वचितच केले जाते. नेटवर्कची वायर काढून पाहणे पुरेसे नाही, कारण त्या स्थितीत संगणकाला वाटच नसल्याचे कळते आणि नकार तत्काळ मिळतो. फायरवॉलमध्ये त्या पत्त्यासाठी ‘ड्रॉप’ नियम लावला की पॅकेटे निःशब्द गिळली जातात. हे खरे मौन. त्याच जागी ‘रिजेक्ट’ लावला की नकार मिळतो. लिनक्सच्या ‘टीसी’ आज्ञेतील ‘नेटएम’ या सोयीने प्रत्येक पॅकेटला हवा तेवढा विलंब लावता येतो किंवा काही टक्के पॅकेट हरवता येतात, म्हणजे संथपणाही तयार करता येतो. तिन्ही स्थितींत स्क्रिप्ट एकेकदा चालवावी, घड्याळ लावून मोजावी आणि तक्ता उघडून पाहावा. चौथ्या स्थानकासमोर ‘अज्ञात’ लिहिलेले असेल, उरलेल्या चारांचे आकडे त्याच फेरीचे असतील आणि हे सगळे हिशेबातल्या सेकंदांत पुरे झाले असेल, तर ती स्क्रिप्ट जूनच्या आत सुरू करायला हरकत नाही.